'गाईड'मधले सर्पनृत्य: ते भरतनाट्यम आहे का, आणि मंचावर ते कसे बसवावे?

एका वाचक भगिनींनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. विजय आनंद दिग्दर्शित 'गाईड' (१९६५) या चित्रपटात वहिदा रहमान गारुड्यांच्या वस्तीत जे नृत्य करतात ते भरतनाट्यम म्हणायचे की लोकनृत्य. इतक्या वर्षांनंतरही ते डोळ्यांपुढून का हलत नाही. आणि सहा वर्षे भरतनाट्यम शिकलेल्या त्यांच्या मुलीला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ते करायचे असेल तर ते कसे बसवावे. मी तीस वर्षांहून अधिक काळ भरतनाट्यम शिकवते आहे आणि हे नृत्य मंचावर दोनदा केले आहे, एकदा फार वाईट आणि एकदा बरे, तेव्हा उत्तर देताना त्या दोन्ही वेळांचा उपयोग होईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ते भरतनाट्यम नाही आणि कोणत्याही एका प्रदेशाचे लोकनृत्यही नाही. ते चित्रपटासाठी रचलेले नृत्य आहे. 'गाईड'ची नृत्ये हिरालाल आणि सोहनलाल या बंधूंनी बसवली होती. मात्र ते ज्या शरीराने केले आहे ते भरतनाट्यममध्ये घडलेले शरीर आहे, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचे सगळेच चुकत जाते. बहुतेक जण या नृत्याकडे 'बाई नागीण झाली' अशा नजरेने पाहतात, आणि म्हणून ते करायला घेतले की डोक्यावर हातांचा फणा धरून डोळे वटारतात. माझ्या मते या नृत्यात नाग हे केवळ निमित्त आहे. ज्या बाईला नाचायची बंदी झाली आहे तिचे शरीर ती बंदी कशी मोडते, हा त्याचा खरा विषय आहे, आणि ते जे लक्षात राहते ते त्यामुळेच राहते.

त्यासाठी कथेतला प्रसंग नीट समजून घ्यायला हवा. रोझी ही देवदासीची मुलगी. समाजात मान मिळावा म्हणून तिचे लग्न मार्को या वयाने मोठ्या, प्राचीन गुहांच्या अभ्यासात बुडालेल्या पुरातत्त्वज्ञाशी झाले आहे; ही भूमिका किशोर साहू यांनी केली आहे. त्या मानाची किंमत म्हणून तिचे नृत्य सुटले आहे. उदयपूरला ही दोघे येतात तेव्हा त्यांना राजू हा वाटाड्या भेटतो, म्हणजे देव आनंद. मार्कोचे सारे लक्ष गुहांकडे; आणि रोझी राजूकडे मागणी करते ती राजवाडे किंवा तलाव पाहण्याची नव्हे, तर नागाचा खेळ पाहण्याची. येथवर प्रेक्षकाला ती केवळ एक त्रासलेली, थोडी चमत्कारिक वाटणारी श्रीमंत बाई आहे. ती नर्तकी आहे हे आपल्याला कोणी संवादातून समजावत बसत नाही. ते आपण गारुड्यांच्या वस्तीत पाहतो.

देवदासीची मुलगी असण्याचा संदर्भ आजच्या विद्यार्थिनींना बऱ्याचदा माहीत नसतो, म्हणून दोन वाक्ये त्याबद्दल. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली देवाला मुली वाहण्यास बंदी करणारे कायदे झाले. त्याच काळात, ज्याला सदिर म्हणत ते नृत्य 'भरतनाट्यम' या नावाने प्रतिष्ठित घरांतल्या मुलींसाठी खुले होत होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र या नृत्यशिक्षण संस्थेची स्थापना १९३६ साली केली. म्हणजे एकीकडे नृत्याला मान मिळत होता आणि दुसरीकडे ज्या घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले त्या घरांतल्या मुलींना ते लपवावे लागत होते. रोझी नेमकी या पेचात सापडलेली बाई आहे. तिने आईचे सगळे मागे टाकले आहे; पाठीच्या कण्यात जे मुरले आहे ते मात्र टाकता आलेले नाही.

आर. के. नारायण यांच्या १९५८ सालच्या मूळ कादंबरीत हा प्रसंग अगदी लहान आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे रोझी नाग डोलताना टक लावून पाहते, तिचा हात आणि अंग क्षणभर त्या डोलण्याबरोबर हलते, आणि तेवढ्या एका क्षणावरून राजूला कळते की ही असामान्य नर्तकी आहे. पूर्ण सर्पनृत्य कादंबरीत पुढे येते, ती प्रसिद्ध झाल्यावर, तिच्या कार्यक्रमातली सर्वोत्तम रचना म्हणून. चित्रपटाने हे दोन्ही एकत्र आणले: क्षणभराची ती हालचाल घेतली, तिच्यातूनच पूर्ण नृत्य उगवू दिले, आणि ते रंगमंचावर न ठेवता धुळीत ठेवले. नारायण यांना चित्रपटाने कादंबरीचे जे केले ते एकूणच आवडले नव्हते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले आहे. एक वाचक म्हणून मी त्यांच्या बाजूची आहे. या एका दृश्यापुरती मात्र, नर्तकी म्हणून, मी विजय आनंद यांच्या बाजूने उभी राहीन.

आता नृत्याकडे जवळून पाहू. त्याला शब्द नाहीत, ही पहिली गोष्ट. सचिनदेव बर्मन आणि शैलेंद्र ही जोडी हाताशी असताना इथे गाणे घातलेले नाही. आहे ती फक्त पुंगीची लकेर आणि तालवाद्ये. भरतनाट्यमच्या भाषेत सांगायचे तर इथे अभिनयाला आधार देणारे 'साहित्य', म्हणजे गाण्याचे शब्द, नाहीत आणि नट्टुवनारही नाही, म्हणजे जति (तालाचे बोल) म्हणून नर्तकीला सांभाळून घेणारे कोणी नाही. नर्तकीला सगळे अंगानेच बोलावे लागते.

सुरुवातीला रोझी फक्त प्रेक्षक आहे. वस्तीतली एक तरुणी पुंगीवर नाचते आहे आणि रोझी पाहते आहे. तुमच्या मुलीला हा भाग पुन्हा पुन्हा दाखवा आणि नाचणाऱ्या मुलीकडे न पाहता रोझीकडे पाहायला सांगा. नृत्य तिथेच सुरू झालेले आहे. आधी नजर अडकते, मग श्वास बदलतो, मग लय अंगात शिरू लागते, आणि ही बाई स्वतःला आवरते आहे हे आपल्याला दिसते. ज्यांनी काही वर्षे नाच सोडून पुन्हा धरला आहे त्यांना हा अनुभव नेमका ओळखू येईल: दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम पाहताना आपला अंगठा चपलेच्या आत ताल धरू लागतो आणि आपण तो दाबून धरतो. वहिदाबाईंनी तो दाबून धरण्याचा अभिनय केला आहे, आणि नृत्यापेक्षा तो अवघड आहे.

मग ती रिंगणात उतरते. पहिल्या हालचाली पूर्ण नसतात. हात उचलला जातो पण रेषा संपत नाही. अंग डोलते पण पाय अजून ठरलेले नाहीत. कसलेल्या नर्तकीला अर्धवट हालचाल करायला सांगणे हे गवयाला किंचित बेसूर गा म्हणण्यासारखे आहे. शरीर आपोआप रेषा पूर्ण करायला धावते. इथे ती धाव रोखलेली दिसते, आणि मग लय वाढत जाते तशी एकेक रेषा भरत जाते, गुडघे वाकतात, पाठ मागे जाते, अंग जमिनीशी येते. शेवटच्या द्रुत लयीत तिला भोवतालच्या माणसांचे, राजूचे, स्वतःच्या कपड्यांचे भान उरलेले नाही. ती थांबते ती समेवर ऐटीत उभी राहून नव्हे, तर दमून. टाळ्यांसाठी केलेल्या नृत्याचा शेवट असा नसतो.

नागाची अनुकृती किती ठिकाणांनी होते तेही पाहण्यासारखे आहे. हातांचा फणा सगळ्यांना दिसतो, कारण तो सोपा आहे. 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात सर्पशीर्ष हा हस्त, म्हणजे एका हाताची मुद्रा, आहे आणि नागबंध हा दोन्ही हातांचा संयुक्त हस्तही आहे, आणि आपल्या विद्यार्थिनी ते पहिल्या वर्षातच शिकतात. पण त्याच ग्रंथात मानेच्या चार हालचाली सांगितल्या आहेत आणि त्यांतल्या तिरश्चीना या ग्रीवाभेदाची उपमाच सापाच्या चालीची आहे. मान दोन्ही बाजूंना वरच्या अंगाने सरकत जाते. या नृत्यात नाग खरा दिसतो तो मानेत, खांद्यांत आणि कमरेच्या वरच्या पाठीत. हात कुठेही असोत, कण्यातून एक लाट जात राहते. भरतनाट्यमच्या रोजच्या तालमीत धड ताठ ठेवण्यावर आपण इतका भर देतो की ही लाट आपल्या मुलींना जड जाते. ज्या मुलीचे अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धे बसणे, उत्तम तिची पाठ हमखास लाकडासारखी, असे मी अनेकदा पाहिले आहे. वहिदाबाईंची पाठ तशी नाही, आणि तरी खाली पायांचा पाया पक्का आहे. या दोन गोष्टी एका शरीरात क्वचित सापडतात.

त्यांची तालीम भक्कम होती. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला १९३८ साली जन्मलेल्या वहिदा रहमान यांनी लहानपणी भरतनाट्यम शिकायला सुरुवात केली, आणि चित्रपटांतही त्या आधी आल्या त्या नर्तकी म्हणून. 'रोजुलू मारायी' या १९५५ सालच्या तेलुगू चित्रपटातल्या नृत्याने त्यांचे नाव झाले आणि मग 'सी.आय.डी.' (१९५६) मधून त्या हिंदीत आल्या. पुढची जवळजवळ दहा वर्षे हिंदीने त्यांचा चेहरा वापरला. 'प्यासा' किंवा 'कागज के फूल' पाहून त्या किती चांगल्या नर्तकी आहेत याचा अंदाजही येत नाही. त्यामुळे 'गाईड'मध्ये रोझीचे दबलेले नृत्य बाहेर पडते तेव्हा पडद्याबाहेरही तसेच काहीसे घडत होते, असे मला नेहमी वाटते. हा माझा तर्क आहे, आणि तो मला आवडतो म्हणून मी तो सोडत नाही.

चित्रपटात पुढे रोझी मोठी कलावती होते आणि तिथली नृत्ये भव्य आहेत. लता मंगेशकरांच्या आवाजातले 'पिया तोसे नैना लागे रे' आठ मिनिटांहून मोठे आहे आणि अंतऱ्या-अंतऱ्याला वेश, सजावट आणि मंच बदलत तिच्या कीर्तीचा चढता आलेख काढते. 'मोसे छल किए जाए'मध्ये, पुढे संतूरसाठी जगप्रसिद्ध झालेल्या शिवकुमार शर्मांनी तबला वाजवला आहे आणि तो कान देऊन ऐकावा. ही दोन्ही नृत्ये रचना म्हणून अधिक श्रीमंत आहेत. मात्र तिथे रोझीसमोर प्रेक्षक बसलेले आहेत आणि तिला ते ठाऊक आहे. 'गाईड'ला फिल्मफेअरचे सात पुरस्कार मिळाले, वहिदा रहमान यांना अभिनेत्रीचा आणि छायाचित्रणासाठी फली मिस्त्री यांनाही. बर्मनदांना संगीताचा मिळाला नाही, याचे आश्चर्य मला आजही वाटते.

लोकनृत्याविषयीचा गैरसमज इथे दूर करायला हवा, कारण हल्ली या दृश्याला सर्रास 'कालबेलिया' म्हटले जाते. कालबेलिया हा राजस्थानातला परंपरेने साप धरणारा समाज. त्यांच्या गाण्यांना आणि नृत्यांना युनेस्कोने २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. परंतु काळ्या, नक्षीदार, घेरदार घागऱ्यात गिरक्या घेणारे जे मंचीय रूप आज आपल्या डोळ्यांपुढे येते ते नंतर घडले, विशेषतः १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगणे बेकायदा ठरल्यावर, जेव्हा या समाजाला पोटासाठी नृत्याकडे अधिक वळावे लागले. 'गाईड' त्याच्या आधीचा आहे. तेव्हा तुमच्या मुलीने काळा घागरा घालून हे नृत्य करू नये. ते 'गाईड'वर आणि कालबेलिया समाजावर, दोघांवरही अन्यायाचे होईल.

त्याऐवजी तिच्या स्वतःच्या परंपरेत सर्पनृत्य आहे, हे तिला सांगा. शिवाच्या मस्तकावरच्या नागाला उद्देशून असलेले 'नादर मुडि मेल' हे तमिळ पद पुन्नागवराळी रागात गायले जाते आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात त्यावर नाचण्याची पद्धत होती. दक्षिणेत पुन्नागवराळी हा राग नागांशी जोडलेला आहे आणि पुंगीवर ऐकू येणाऱ्या धुनींशी त्याचे नाते लगेच कानाला जाणवते. काही शुद्धतावादी गुरू या प्रकाराकडे नाक मुरडत, म्हणून तो मागे पडला. मी माझ्या विद्यार्थिनींना 'गाईड'चे नृत्य द्यायच्या आधी हे पद शिकवते, कारण त्यात मानेचे आणि धडाचे काम तालाच्या चौकटीत बसवून मिळते.

आता बसवण्याकडे येते, आणि आधी माझी फजिती सांगते. पंचविशीत असताना एका महोत्सवासाठी मी हे नृत्य चित्रपट पाहून जसेच्या तसे उचलले. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मी पूर्ण फणा काढला, कारण मला माझे कसब दाखवायचे होते. दुसऱ्या मिनिटाला दम संपला, गुडघे लाकडी फळ्यांवर सोलले आणि उरलेला वेळ मी वेदना लपवण्यात घालवला. संयोजकांनी वातावरणनिर्मितीसाठी एक गारुडी टोपलीसकट बोलावला होता. तो कायद्याने चालणार नाही हे आयत्या वेळी कोणीतरी लक्षात आणून दिले, म्हणून टोपली तरी मंचामागे राहिली. कार्यक्रमानंतर माझ्या गुरूंनी एवढेच विचारले, "तू नाग केव्हा पाहिलास?" मला वाटले त्या खऱ्या नागाबद्दल विचारत आहेत. त्यांना म्हणायचे होते की नृत्यात मी नागाकडे एकदाही पाहिले नाही, एकदम नागच झाले.

त्यातून जे शिकले ते असे. पडद्यावरचे नृत्य तुकड्यांनी चित्रित होते. मधे कॅमेरा राजूकडे, गारुड्यांकडे, नागाकडे जातो, आणि प्रत्येक वेळी नर्तकीला, आणि पाहणाऱ्यालाही, श्वास घ्यायला मिळतो. मंचावर तो मिळत नाही. म्हणून लांबी कमी करा, चार मिनिटांच्या आत ठेवा, आणि त्यातले पहिले पूर्ण मिनिट केवळ पाहण्याला द्या. स्नेहसंमेलनातले प्रेक्षक पहिल्या मिनिटात चुळबुळ करतील, एखादी शिट्टीही येईल. मुलीने त्याला घाबरून लवकर उठू नये. दुसरी एखादी मैत्रीण वस्तीतल्या तरुणीची भूमिका करू शकत असेल तर फार उत्तम, कारण मग पाहायला खरोखर कोणीतरी असेल.

लय तीन टप्प्यांत न वाढवता हळूहळू चढू द्या. अडवू, म्हणजे भरतनाट्यमचे मूळ पदन्यास, करणाऱ्या मुलींना पहिला, दुसरा, तिसरा काल (प्रत्येक वेळी दुप्पट वेग) अशा उड्या मारायची सवय असते, आणि इथे त्या पायऱ्या दिसल्या की जादू मोडते. शक्य असेल तर ध्वनिमुद्रित संगीताऐवजी ढोलकी किंवा डफ वाजवणारा समोर बसवा आणि त्याला मुलीच्या खांद्याकडे पाहून वाजवायला सांगा. सापाला बाहेरचे कान नसतात. गारुड्याच्या पुंगीच्या हालण्याचा तो नजरेने वेध घेतो आणि म्हणून डोलतो. वादकाशी नजरानजर ठेवण्याचे महत्त्व मी विद्यार्थिनींना याच उदाहरणाने पटवते.

जमिनीवरच्या हालचालींसाठी गुडघ्यांना कातडीच्या रंगाच्या पट्ट्या बांधाव्यात आणि मंचावर जाड सतरंजी मागून घ्यावी. पाठ मागे नेणे रोज थोडे थोडे, किमान सहा आठवडे आधीपासून; कार्यक्रमाला पंधरा दिवस उरलेले असतील तर तो भाग गाळून टाकावा, कोणाच्याही लक्षात येणार नाही. पेहराव साधी, नेहमीची, अंगाला बसणारी साडी हवी, पदर खोचलेला. रोझी फिरायला बाहेर पडलेली बाई आहे, नृत्याच्या तयारीने आलेली नाही, आणि नाट्याचा अर्धा भाग या विसंगतीत आहे. कपाळावर नागाचा मुकुट घातला की तो गेला.

एक शेवटची अडचण तुमच्या मुलीकडूनच येईल, आणि ती म्हणजे पायांतले चाळ, म्हणजे घुंगरू. सहा वर्षे ज्या मुलीने चाळ बांधून, नमस्कार करूनच नाचाला सुरुवात केली तिला त्यांच्याशिवाय मंचावर जायला उघडे वाटते. कथेत मात्र रोझी घुंगरू पुढे विकत घेते, मार्कोपासून मनाने सुटल्यानंतर, आणि चित्रपटात त्या खरेदीला स्वतंत्र वजन आहे. गारुड्यांच्या वस्तीत ती नाचते तेव्हा तिला अजून तसे काही बांधायची परवानगी नाही, स्वतःचीही नाही. तेव्हा पहिल्या तालमीपासूनच चाळ पिशवीत राहू द्या, आणि अनवाणी पायांचा आवाज तिला एकटीला ऐकू आला तरी चालेल, असे तिला सांगा.